कोनाडा क्रमांक एकशे चौदा

माझा हिरवा कागद बसच्या तिकिटाएवढा.
सात वर्षं पाकिटात राहून आता घडीवर फाटायला आलाय.
एन्कार्ना म्हणते, प्लास्टिकमध्ये घालून घे.
कचेरीतली बाई म्हणते, प्लास्टिकमध्ये घातलात तर बाद.

सत्तावीस वर्षं मी हल शहरात बसमध्ये तिकिटं तपासली.
ज्याच्याकडे नसे तो आधी खिसे चाचपायचा,
मग खिडकीबाहेर बघायचा,
जणू तिकीट तिथं पावसात बसमागं धावत येतंय.
मी थांबायचो. मला घाई नसायची.
आता खिसे मी चाचपतो
आणि काचेपलीकडच्या बाईला घाई नाही.

रात्री अकराला रेडिओ लावतो. तिकडे दहा वाजलेले असतात.
मार्च म्हणाले होते, मग एप्रिल,
आता ऑक्टोबर अखेर.
जड कपाट दोघांनी ढकलावं,
एकानं इकडून, एकानं तिकडून,
तशी ती तारीख
जिन्यात अडकून बसलीय,
आणि आम्ही खालच्या मजल्यावरचे, आवाज ऐकत.

क्लिफर्डनं बाहेर पडायच्या बाजूनं मत दिलं होतं.
इथूनच, टपालानं, विसेंतेच्या बारमधल्या टेबलावर बसून;
पाकीट चिकटवायला जीभ कोरडी पडली म्हणून
माझ्या ग्लासातला घोटही घेतला.
"ते आपल्यासारख्यांसाठी नव्हतं रे," नंतर म्हणायचा.
फेब्रुवारीत घर विकलं, मिळेल त्या भावाला.
कुत्रा माझ्याकडे आहे.
कुत्र्याचे कागद वेळेत झाले नाहीत.

इथं राहतोय याचे पुरावे आणा म्हणाले.
पाण्याची बिलं नेली, दातांच्या डॉक्टरची पावती,
गॅसच्या टाकीची चिठ्ठी, तिच्यावर तेलाचा डाग.
बदाम फुलला की मला दरवर्षी शिंका येतात,
हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते विचारलं नाही.
एन्कार्ना भिंतीवरून अंडी देते
आणि माझ्या क्रियापदांना हसते.
भूतकाळ मला अजून जमत नाही.
मी सगळं चालू काळात सांगतो:
माझी बायको मरते. मी इथं राहतो.

नोरीनला यायचंच नव्हतं खरं तर.
एक हिवाळा, म्हणाली होती, गुडघ्यांसाठी, बस.
इथले लोक मातीत पुरत नाहीत, भिंतीत ठेवतात,
कपाटाच्या खणासारख्या कोनाड्यात, एकावर एक.
ती चौथ्या ओळीत. शिडी लावावी लागते.
नगरपालिकेची पावती आहे, शिक्का आहे, सही आहे:
पन्नास वर्षं. दोन हजार चौसष्टपर्यंत.

शेवटी मी तीही नेली.
बाईनं चष्मा वर सरकवला, पूर्ण वाचली,
मागची बाजूसुद्धा, जिथं काही नव्हतं.
"हा त्यांचा पुरावा झाला," म्हणाली. "तुमचा नाही."
मग उठली, तिची एक झेरॉक्स काढली,
आणि फाइलमध्ये सगळ्यात खाली ठेवून दिली,
नोंद न करता.

बसमध्ये परतताना हिशेब करत होतो.
जिला एक हिवाळा राहायचं होतं
तिचा मुक्काम अजून पंचेचाळीस वर्षं पक्का.
हे तिला सांगितलं तर हसेल,
म्हणजे हसली असती. पाहा,
हा काळ जमला.

गुरुवारी शिडी ओढत नेतो. एक चाक कुरकुरतं.
कुत्रा खाली बसतो, पायरीवर पुढचा पंजा ठेवून.
संगमरवर पुसतो, कोळ्याचं जाळं काढतो,
शेजारच्या एकशे पंधरावरही फडकं फिरवतो,
त्यांचं कुणी येत नाही.
रेडिओवर काय म्हणाले ते तिला सांगत नाही.
तिला आधीही त्यात रस नव्हता.

उतरल्यावर शिडी जागेवर नेऊन ठेवायची असते.
तशी पाटी आहे, दोन भाषांत.
इंग्रजीत एक अक्षर चुकलंय, पाच वर्षं तसंच.
पेन असतं माझ्या खिशात.
दर वेळी हात वर जातो आणि मी इकडेतिकडे बघतो.
राहू दे.
नोव्हेंबरात बघू.