गंज कुठवर आलाय

जीप माझी नाही, विद्याधर पोंक्ष्याची.
तीन दिवसांच्या बोलीवर मागून नेलेली,
आणि कर्जतच्या पुढे, नदीच्या कोरड्या पात्रात
मागच्या डाव्या चाकापाशी
नारळ फुटावा तसा आवाज झाला.

आता ती कुर्ल्यात, कपाडिया नगरच्या एका गाळ्यासमोर
दोन लोखंडी घोड्यांवर उभी आहे.
चाक काढून भिंतीला टेकवलंय.
शॉकअबसॉर्बर एका टोकाने लोंबतोय
आणि त्याला धरून ठेवणारं ब्रॅकेट
माझ्या तळहातावर. ग्रीसने माखलेलं,
वजनाला एखाद्या कुलपाएवढं.

रात्रभर मी माफीची वाक्यं जुळवत होतो.
दगड दिसला नाही रे. वेग नव्हताच फारसा.
भरून देतो.

हुसैन मुकादम मूळचा श्रीवर्धनचा.
त्याने तुकडा घेतला, लुंगीला पुसला,
उन्हात तिरका धरला.
"हे बघा साहेब. इथपासून इथपर्यंत काळं.
पाणी शिरून शिरून गंजलंय, दोन पावसाळे तरी.
आणि हे चमकतंय ना, एवढंसं?
हे काल तुटलं. हे तुमचं."

माझ्या वाट्याला नखाएवढं आलं होतं.

मग त्याने चेसिसवर पटाशी घासली.
तड्यावरून कुणीतरी काळा रंग फिरवलेला,
घाईघाईत, दोन हात.
ब्रशचा एक केस अजून त्यात चिकटलेला.

तीस वर्षं मी कॅश काउंटरवर बसलो.
चिकटवलेली नोट बोटाला कळते मला,
उजेडात धरावी लागत नाही.
पण चावी हातात आली तेव्हा
गाडीखाली वाकून पाहिलं नाही.
मित्राच्या गाडीखाली कोण वाकतं?

बॅटरीची वायर सुटली.
ब्रेकच्या नळीवर ओलं गोणपाट.
मिठाईच्या खोक्याचं झाकण कापून मुकादमने माप काढलं,
त्यावरून सहा एमएमची पट्टी कापली,
आणि चेसिसवर तडा जिथे संपत होता
नेमकं तिथे ड्रिलने एक गोल भोक पाडलं.
मी म्हटलं, आणखी भोक कशाला?
"तड्याला पुढे सरकायला टोक लागतं.
गोलात आला की त्याला वाट सापडत नाही."

"तिकडे बघू नका," तो म्हणाला आणि काच तोंडावर ओढली.
मी समोरच्या शटरकडे बघत राहिलो.
शटर निळं झालं, पांढरं झालं, पुन्हा निळं.
पलीकडे टायरवाला फोनवर कुणाशी तरी भांडत होता.
त्याचा आवाज मध्येच वेल्डिंगखाली बुडायचा.

तेवढ्यात माझा वाजला. पोंक्षे.
"कशी चालली गाडी?"
"चालली."
थोडा वेळ तो बोललाच नाही.
मग म्हणाला, "मागून काही आवाज वगैरे... नाही ना?"

म्हणजे ब्रश याच्याच हातात होता.

रात्रभर जुळवलेलं एकही वाक्य आता कामाचं नव्हतं.
"आला होता," मी म्हटलं. "कुर्ल्यात आहे. सांधून आणतो."
तो "बरं" म्हणाला.
नंतर, फोन ठेवता ठेवता, "किती झाले ते सांग."
तेवढंच. तेवढं पुष्कळ होतं की नाही
ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पोऱ्या पाण्याचा डबा घेऊन धावला.
मुकादम खेकसला, "ठेव तो! आपोआप निवू दे.
घाईने गार केलं की शेजारून तुटतं."
मग छोट्या हातोडीने जळकी साल टकटक उडवली.
खाली टाके दिसले,
एकावर एक सरकलेल्या नाण्यांसारखे.

रेड ऑक्साइडचा हात मारून झाल्यावर
त्याने काळ्या रंगाचा डबा उघडला.
"मारू? मग कुणाला कळणार नाही."
"नको," म्हटलं, "लाल राहू दे."

तुटका तुकडा मी कालच्या पेपरात गुंडाळला
आणि डॅशबोर्डच्या खणात ठेवला,
आरसी बुकाच्या खाली.

साडेअकराशे झाले.
मी सवयीने नोटा अंगठ्याने मोजून दिल्या.
त्यातली पाचशेची एक मुकादमने
वर करून उन्हात धरली,
तिरकी, मघाच्या तुकड्यासारखी,
आणि मग खिशात टाकली.