खालचं वाचता आलं पाहिजे

ॲप्रनवर नाव काढून घ्यायला गेले तेव्हा
मंगळवार पेठेतल्या शिंप्यानं विचारलं,
‘नुसतं नाव, का पुढं डॉक्टर बी?’
म्हटलं, त्याला साडेपाच वर्षं आहेत.
तो म्हणाला, मग जागा सोडून ठेवतो.

त्या बोटभर जागेसाठी मी बरंच काही बदलून घेतलं.
आमच्या मुरगूडला बाईमाणूसही
आलो, गेलो, जेवलो म्हणतं.
शेंडा पार्कच्या हॉस्टेलवर पहिल्याच आठवड्यात
पोरी पोट धरून हसल्या
आणि मी आले, गेले, जेवले झाले.
आवाज खाली आणला.
पेशंटला समोर अहो म्हणायला शिकले
आणि पाठीमागं बेड नंबर अकरा.
शनिवारच्या नीतिमत्तेच्या तासाला
रुकय्याची हजेरी मीच लावली,
तिच्यासारखी वळणदार सही करून.

सीपीआरमध्ये इंटर्नशिपची नववी रात्र.
बेड अकरा, म्हणजे जिन्नाप्पा मगदूम, वय एकसष्ट,
मार्केट यार्डातले गुळाचे मापाडी.
साखरेनं काळं पडलेलं अंगठ्याशेजारचं बोट
काढून चौथा दिवस.
दोन वाजता बीपी घ्यायचं होतं.
पट्टा कुणीतरी पलीकडच्या वॉर्डात नेलेला,
माझे पाय माझे राहिले नव्हते.
मी लिहिलं: एकशेवीस, ऐंशी.
कुणाचंही असू शकेल असं,
सभ्य, इस्त्री केलेलं बीपी.

अंधारातून आवाज आला,
‘बाई, पट्टा तर गुंडाळलासा न्हाई.
आकडा कुठनं आणलासा?’

रागावले नव्हते.
चाळीस वर्षं काट्यापुढं बसलेला माणूस
सवयीनं विचारत होता.
‘मला बी नुसता रवा बघून वजन कळतंय.
अर्धा किलो हिकडं तिकडं, जास्त न्हाई.
पर सांगत न्हाई.
काट्यावर ठेवतो, मग तोंड उघडतो.’
आणि त्यांनी कूस बदलली.

बेसिनपाशी जाऊन मी उगीचच हात धुतले.
कारणं होती माझ्याकडं. सगळी खरी होती.

पट्टा शोधून आणला. दंड हातात घेतला.
दंड उबदार होता, हे मी आधी लिहायला हवं होतं.
एकशे चोवीस, ब्याऐंशी.
पुन्हा घेतलं. तेवढंच.
माझ्या थापेच्या इतकं शेजारी
की कुणाचं काहीसुद्धा बिघडलं नसतं,
आणि नेमकं तेच मला सोसेना.

व्हाईटनरकडं हात गेला तशी
शिंगे सिस्टर वहीतून मान वर न काढता म्हणाल्या,
‘ते ऱ्हाऊ दे.
इथं एकच रेघ मारायची, आडवी.
खालचं वाचता आलं पाहिजे.
शेजारी खरं लिही. सही, तारीख, वेळ.’

रेघ मारली.
सही केली, माझी, वळण नसलेली.
दोन वाजून चाळीस मिनिटं.

मग कॉटपाशी जाऊन म्हटलं,
‘आप्पा, मघाशी चुकलो मी.’
घरचा शब्द होता. सुटला तोंडातून.
मागं घ्यावासा वाटला नाही.
‘कुठल्या गावची गं तू?’
‘मुरगूड.’
‘मग आधी सांगायचं न्हाई व्हय!’
थोडा वेळ पंख्याकडं बघत पडले.
मग हळू आवाजात,
कुणाला ऐकू जाईल असं वाटून,
‘ते काढलेलं बोट हाय न्हवं,
ते खाजतंय.
आता हे कुठल्या काट्यावर ठेवू?’

याचं उत्तर मला पाठ होतं,
पान नंबरासकट.
तरी स्टूल ओढलं आणि विचारलं,
कधीपासनं?

सकाळी राउंडला आवळे मॅडमनी फाईल उघडली.
त्यांचं पेन रेघेवर थांबलं.
वरचं वाचलं, खालचं वाचलं,
एकदा माझ्याकडं पाहिलं, पान उलटलं.
‘हं. सांग पेशंटबद्दल.’

‘जिन्नाप्पा मगदूम,’ मी सुरुवात केली,
‘मापाडी आहेत.
नसलेलं बोट रात्रभर खाजत होतं.’