पुरवणी

नमुन्यात ‘येण्याचे कारण’ या रकान्याची रुंदी
दीड बोट.
त्यात ‘यात्रा’ मावतं.
नऊ वर्षं मी तेच लिहीत आलो.
सुंदरीबाई घनशामदास, मूळ गाव सिंधमधलं,
स्पेलिंग दर वर्षी वेगळं.
सध्या मुक्काम जळगाव,
केसरबाई चौधरींच्या माडीवर, भाड्याने.
मुदतवाढ. सही. शिक्का. पुढचा.

यंदा एप्रिलात वरून कागद आला:
ज्यांचं कारण संपलं त्यांची यादी करा,
पंधरा दिवसांत.
शेहेचाळीस अंश.
शाईची गादी कळण्याच्या भाकरीसारखी तडकलेली.
पत्ता पडताळायला मी भर दुपारी निघालो.

गच्चीवर दोघी पापड वाळत घालत होत्या,
एकीचे उडदाचे, दुसरीचे अख्खी मिरी घातलेले,
एकाच लुगड्यावर.
केसरबाईंनी मला बघूनही पाठ वळवली नाही की हात थांबवला नाही.
“लिही तुह्या कागदात,
त्या माह्या घरच्या हायेत.”

बाई, असा रकाना नाही.

सुंदरीबाईंनी आधी भाजलेला पापड आणि पाणी पुढे ठेवलं,
त्यांच्यात पाहुण्याला तसंच देतात,
पाहुणा खाकीतला असला तरी.
मग बोलल्या, माझ्याकडे न बघता.
धाकट्या जावेची पोर शाळेतून आली नाही.
तिसऱ्या दिवशी एक कागद आला,
त्यावर तिचं नवं नाव.
ठाण्यात तक्रार घेणाऱ्याने सगळं नीट उतरवलं
आणि विचारलं,
घरात दुसरी मुलगी केवढी आहे?

दुसरी यांची. बारा वर्षांची.

रात्री नाही निघाल्या,
रात्री निघणारा पळतोय हे लांबून कळतं.
दुपारी निघाल्या.
कणीक मळून परातीत ठेवली, वर ओलं फडकं,
डोकावणाऱ्याला वाटावं
संध्याकाळी इथे फुलके होणार आहेत.
गाडीवाल्याने भाडं घेतलं नाही,
फक्त म्हणाला, माझं नाव कुठे सांगू नका.
आपण त्याला अल्लाहरखिओ म्हणू.
फाटकापर्यंत तो आरशात मागे बघत होता,
पुढे बघायचं काम पोरीने केलं.

कचेरीत आलो. रकाना तेवढाच.
मी लिहिलं: सोबत पुरवणी जोडली आहे.
पुरवणीला अकरा पानं लागली.
कणकेचं लिहिलं. फडक्याचं लिहिलं.
ठाण्यातला तो प्रश्न लिहिताना
हात दोनदा थांबला,
विचारणाऱ्याचं पद आणि माझं पद एकच.
अल्लाहरखिओच्या जागी लिहिलं:
एक इसम, ओळख पटलेली नाही.

साहेबांनी पानं हातात तोलून पाहिली.
“एवढं कोण वाचणार, तायडे?”
म्हटलं, साहेब,
वाचून होईपर्यंत तर राहतील.

पंधरा दिवस गेले. मग जून, मग पोळा.
वरून काही आलं नाही. येणारच नाही असं नाही.
पोर बारावीला आहे, अर्ज भरताना
‘राष्ट्रीयत्व’पाशी पेनाचं टोपण चावत बसते.

एकदा न राहवून विचारलं,
त्या कणकेचं पुढे काय झालं असेल?
सुंदरीबाई पहिल्यांदाच हसल्या.
फडकं वाळलं असेल, मग कळलं असेल सगळ्यांना.

आता कचेरी बंद करताना
मी शाईच्या गादीवर ओलं फडकं टाकतो.
सकाळी आल्या आल्या
आधी त्याला हात लावून बघतो.