काट्याचा आकडा

दुपारी तीननंतर सुरू होतं.
उजव्या भुवईच्या आत
कुणी ओल्या काडीनं टोकरल्यासारखं.
मग काट्यावरचे तांबडे आकडे
आणि पुढ्यातला नवा मॉनिटर,
दोघांकडंही तिरकं बघत मी गाड्या पुढं काढते:
भरलेली, रिकामी, निव्वळ, पावती.
भरलेली, रिकामी.

सांगलीच्या मार्केट यार्डात मार्चमध्ये
डोळ्याला काहीही झालं तरी नाव हळदीचं.
"धूळ गेली असंल," मुकादम सातपुते म्हणाले.
दिवाणजी म्हणाले, नंबर वाढला असेल.
घरी म्हणाले, मोबाईल कमी कर.
घरी पाय मुरगळला तरी हेच म्हणतात.

मिरजेच्या डॉक्टरांनी
अगदी खालची ओळ वाचून घेतली,
थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या,
आत जाऊन पडद्यापर्यंत फिरून आले.
"उत्तम आहेत डोळे."
मी अशी ओशाळले
जशी वजनात माप मारताना सापडले.
परतताना बसमध्ये ऊन सोसवेना.
विजयनगरला शेजारची बाई म्हणाली, रडू नका हो.
रडत नव्हते, थेंबांचं पाणी होतं.
थोडं रडतही होते.

मग मी शहाणपणा केला,
स्क्रीनचा उजेड उतरवत नेला.
सत्तर, चाळीस, वीस,
पंक्चरवाल्याच्या टपरीतल्या बल्बाएवढा.
वाटलं, डोळ्यांना सावली केली.
दुखणं दुप्पट झालं.

इम्तियाज बारगीर आला तो वेगळ्याच कामाला,
काट्याची केबल उंदरानं कुरतडली होती.
मी सांगितलं हसत हसत,
तो हसला तर आपण आधीच हसलेलं बरं म्हणून.
तो हसला नाही.
हात पुसले, फोन काढला.
"नंदाताई, नुसत्या डोळ्यानं नका बघू. ह्याच्यातनं बघा."

फोनमध्ये माझा मॉनिटर
काळ्या पट्ट्यांचा झाला होता.
पट्ट्या सावकाश वर सरकत होत्या,
दुकानाचं शटर उचलावं तशा.
"ह्यो उजेड कमी होतच न्हाई ताई.
बंद होतोय. बंद-चालू, बंद-चालू, सेकंदाला दोनशे बार.
तुम्ही जेवढा मंद करताय, तेवढा जास्त वेळ बंद."

मग त्यानं फोन काट्याकडं वळवला
आणि चित्र आणखी सावकाश केलं.
काट्यावर तासगावचा टेम्पो उभा होता.
एक.
विझला.
चार.
विझला. दोन. विझला.
एका वेळी एकच अंक पेटलेला,
बाकीचे आपली पाळी येईतो काळोखात उभे.

अख्खा आकडा कधी नव्हताच.
सतरा वर्षं मी जो पावतीवर उतरवला,
ज्याच्यावरून अडते आणि ड्रायव्हर
ह्याच खिडकीत एकमेकांच्या गळ्याला आले,
तो माझे डोळे जोडत होते,
दिवसभर, एकेक अंक गोळा करून.
ह्या कामाचा पगार
कुठल्याच खात्यात धरलेला नव्हता.

आता उजेड पूर्ण शंभरावर,
आणि पुढं आईच्या गुडघ्याचा जुना एक्स-रे
चिकटपट्टीनं लावलेला.
इम्तियाजची आयडिया नव्हे, माझी.
हळदीची पोती आईच्या वाटीखालून जातात.
दुखतं अजून, पण पाचनंतर.
तांबड्या आकड्यांचं काही करता येत नाही.
त्यांच्याकडं गाडीमागं एकदाच बघते,
आणि बघताना श्वास धरते, का ते माहीत नाही.

काल सगळे गेल्यावर
सातपुते खिडकीशी रेंगाळले.
टोपी काढली, परत घातली.
"त्यो पोरगा पुन्हा कधी येणार हाय?
गोदामातल्या ट्यूबखाली माझंबी डोकं चढतंय.
चार वर्सं झाली.
कुणाला बोललो न्हाई."