धूर वाकला

जानेवारी, संक्रांत चार दिवसांवर,
गंगापूर धरणाच्या काठी सकाळी आठला पारा सहा.
बसमधून उतरले आठवी ब-चे चौदा जण,
तोंडातून निघणारी वाफ
दोन बोटांत धरून ऐटीत ओढून दाखवत.
मी चित्रकलेची बाई. मी पाण्याकडे पाहत राहिले.

मला पोहता येत नाही.
हे मुख्याध्यापकांना मी सांगितलं नव्हतं.

गांगुर्डे सरांनी केशरी जाकिटं वाटली,
कालच्या बॅचची, अजून ओली, शेवाळाचा वास मारणारी.
मग म्हणाले, मफलर काढा.
सगळे एकदम, सर, थंडी!
काढा. वारा डोळ्यांना दिसत नाही,
तो आधी मानेला कळतो.
काठावर मफलरांचा ढीग झाला,
आयांनी विणलेले, मेनरोडवरून घेतलेले,
एक भावाचा, ढापून आणलेला.

आमच्या होडीत चौघं.
सुकाणूवर यज्ञेश, आजोळ येवल्याचं,
त्यामुळे शिडाच्या दोरीला तो मांजाच समजत होता.
ढील दे, मृण्मयी, ढील! आता खेच, खेच!
सरांनी दुसऱ्या होडीतून ऐकलं
आणि दुपारपर्यंत तेही ढीलच म्हणायला लागले.
मी दोन्ही हातांनी कड धरून.
आणि वनिता चारोस्कर, गुडघ्यांत डोकं घालून
गाढ झोपलेली.

उठवू का, मृण्मयीनं विचारलं.
राहू दे.
ती गिरणाऱ्याहून येते.
रात्री थंडी उतरली की बागेत शेकोट्या लावाव्या लागतात,
नाहीतर द्राक्षमण्यांना तडे जातात.
पहाटे तीनपासून ती बापाबरोबर ओळीओळीनं पाचट टाकत होती.
बाग त्यांची नाही.
तिच्या केसांना धुराचा वास होता, जाकिटाला शेवाळाचा,
मधेच कुठेतरी खोबरेल तेलाचा.

धरणाच्या मधोमध वारा पडला.
पडला म्हणजे पडलाच.
शीड दोरीवरच्या धोतरासारखं लोंबलं.
यज्ञेशनं सुकाणू डावीकडे केलं, उजवीकडे केलं,
बंद पडलेल्या टीव्हीचं रिमोट दाबावं तसं.
मोबाइल बसमध्ये, पिशवीत, गाठ मारून.
वीस मिनिटं आम्ही कुठेच गेलो नाही.
मृण्मयीनं गुळपोळीचे चार तुकडे केले,
एक झोपलेलीसाठी ठेवला, थोड्या वेळानं तोही खाल्ला.
एक पाणकावळा बुडाला,
आम्ही तिघांनी श्वास धरला
तो वर येईपर्यंत. फार लांब वर आला.
आठवी ब इतकी गप्प
मी परीक्षेतही पाहिलेली नाही.

तेव्हा वनितानं डोळे उघडले.
शिडाकडे नाही, पाण्याकडे नाही,
पलीकडच्या काठावर, बागेच्या टोकाला
विझत आलेल्या शेकोटीकडे पाहिलं.
धूर सरळ उभा होता, खांबासारखा.
आम्हालाही दिसत होता तो,
म्हणजे डोळ्यांसमोर होता.

आला, ती म्हणाली.
कोण?
धूर वाकला.

यज्ञेश हसला. त्याचं हसणं संपायच्या आत
पाण्यावर काटा आला,
तो काटा सरकत सरकत आमच्याकडे,
मग माझ्या मानेला गार बोट लागलं
आणि शीड फाडकन फुगलं,
होडी कलली, मी ओरडले
आई गं! असं, बाईंना न शोभेल असं,
आणि तिघंही मला हसताना
दोरी खेचायला विसरले नाहीत.

वनिता मात्र पुन्हा मागे वळून पाहत होती.
शेकोटी पुरती विझली की नाही,
एवढंच बहुतेक.

सोमवारी मी फळ्यावर विषय लिहिला: वारा.
तेरा कागदांवर तेरा शिडं, सगळी फुगलेली.
बाहेर पारा चारवर आला होता.
हजेरीत वनिताच्या नावापुढची खूण
मी पेन्सिलीनं केली.