हसू, मे महिन्यातलं

शनिवारी रात्री आठला आम्ही लाइव्ह जातो,
सक्करदऱ्यात, फर्निचरच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्याहून.
समोर चौऱ्याऐंशी खुर्च्या होत्या.
आता दोरीनं बांधून भिंतीशी,
एकीच्या मांडीत एक.

प्रेक्षक परवडत नाहीत, मालक म्हणाले.
माणशी साठ रुपये, तर्री-पोहे,
गोळीबार चौकातून आणायची-पोचवायची मिनीबस.
माझ्याकडे एक काच, आठ फेडर
आणि पेन ड्राइव्हवर तीन फाइली:
'बरं', 'छान', 'तुडुंब'.

होमदेव धकाते भिंतीला जोक सांगतो.
जादूगाराचं कबूतर उडतं,
बांधलेल्या खुर्च्यांवर जाऊन बसतं.
सुकेशनी सवयीनं हात वर करते, टाळ्यांसाठीचा.
त्या हाताकडे बघणारा आता मी एकटा.
मी एका बोटानं चौऱ्याऐंशी माणसं वर ढकलतो.

'तुडुंब' मीच भरली होती, एका मे महिन्यात.
आवाज येतो म्हणून दोन्ही कूलर बंद,
आणि बाया पुठ्ठ्यांनी वारा घेत होत्या.
ती फडफड हसण्याखाली राहून गेली.
जानेवारीत होमदेव स्वेटर घालून बोलतो
आणि त्याच्या विनोदाला कुणीतरी घामेजून वारा घेत असतं.

आणखी एक राहून गेलंय.
सगळं हसणं ओसरल्यावर, मोजून एका सेकंदानं,
एक बाई हसते. एकटीच.
शेजारणीला विचारून, समजून घेऊन, मग.
होमदेवला ती पाठ झालीय.
पुढचं वाक्य उचलण्याआधी तो थांबतो,
दारात चप्पल शोधणाऱ्या पाहुणीसाठी थांबावं तसा.

मागच्या शनिवारी फर्माइशीचा फोन जोडला, थेट.
"कौतिकाबाई पराते बोलून राह्यली, तांडापेठेतून.
आत्ता टीव्हीत मांगून हासली नं, ते मी हाय.
माहं हासनं मले समजत नाही का?
पन या जोकले मी हासली नसती, बाप्पा.
बायको माहेरी गेली, हा काय जोक हाय?
घरचे सारे माह्याकडे पाहून राह्यले,
म्हन्ते, आई, याले हासली तू?
पुढच्या खेपेले इचारून हासवा.
नाहीतर साठ रुपये पाठवा."

रज्जाकचा कॅमेरा हलला.
सात वर्षांत पहिल्यांदा.
होमदेव वर स्पीकरकडे बघत राहिला, मग म्हणाला,
"चुकलं, मावशी."
हे लिहून दिलेलं नव्हतं.

आठवडाभर मी तिला फाइलीतून काढत बसलो.
निघेना. तिच्या हसण्याला मागून
कुणाचा तरी खोकला चिकटलेला,
स्टीलच्या ताटल्या, एका पोराचं "पाणी दे नं".
ओढलं की सगळंच येतं.
कोष्ट्याघरची बाई, तिला सांगितलं असतं
तर म्हणाली असती,
एक धागा ओढून पातळ राहते का रे?
शेवटी तिच्या आधीच कात्री मारली.
पाणी मागणारं पोरगंही गेलं.

आज आठ बावीस.
होमदेवचा जोक नवा, टँकरच्या रांगेचा. बरा आहे.
'तुडुंब' वर गेली, ओसरली,
पुठ्ठे थांबले,
आणि होमदेवही थांबला.
एक सेकंद.
दोन.
लाइव्हवर दोन सेकंद म्हणजे
भर दुपारी बर्डीचा लाल सिग्नल.
सुकेशनीचा हात तसाच वर,
कबूतर खुर्चीवर,
आणि माझ्या टेबलावरचा फोन,
घंटी बंद केलेला,
नुसत्या दिव्यानं
लुकलुकायला लागला.