भेट दिलेली घरे

पाळकबाईंनी छापील कागद दिलाय,
शेवटच्या रविवारी भरून द्यायचा:
भेट दिलेली घरे, इतकी.
वाटलेली पत्रके, इतकी.
दीना वळवीची सत्तावीस घरं झाली,
तीही चांदसैलीचा घाट चढून, जीपने.
माझा कागद फ्रिजवर चिकटलाय
मामांच्या गोळ्यांच्या चिठ्ठीखाली.
कोरा.

मामा म्हणजे सासरे.
चाळीस वर्षं अक्राणीत पायी हिंडलेला माणूस,
एका हातात पेट्रोमॅक्स, खांद्यावर चित्रांची गुंडाळी,
आणि आवाज असा
की नदीपलीकडची गुरं मान वर करायची.
मागच्या पोळ्याला झटका आला.
तोंडात आता एकच शब्द उरलाय:
चला.
भूक लागली, चला.
अंथरूण ओलं झालं, चला.
रात्री अडीचला, नीट, स्पष्ट,
उपासनेला उशीर झाल्यासारखं, चला.

सांगू नये, पण सांगते.
एकदा पेज भरवताना ती त्यांनी माझ्या अंगावर थुंकली
आणि मी वाटी आपटली.
पितळेची. फरशीवर कितीतरी वेळ
गोल गोल बोलत राहिली.
बाहेरच्या खोलीत हन्नोक
बुधवारच्या सभेसाठी टिपण काढत होता,
विषय सहनशीलता.
त्याचं पेन थांबलं. मग तो आला,
फडकं घेतलं, फरशी पुसली,
माझ्याकडे बघितलं नाही
हे त्याने बरं केलं.

हिवाळ्यात नंदुरबार लाल होतं.
गावाबाहेर पथाऱ्यांवर मिरची पसरतात,
वारा फिरला की शाळेतली पोरं
पाढे सोडून शिंकत बसतात.
शेजारची सुपडाबाई दिवसभर देठं खुडते
आणि दिवेलागणीला कुंपणाशी उभी राहते
हात पुढे धरून, जणू दुसऱ्या कुणाचे आहेत:
"हात जयी ऱ्हायनात व माय."

हिला मी एकदा पत्रक दिलं होतं.
तिने घडी घालून डब्यांच्या फळीवर ठेवलं.
वाचता येत नाही हे तिने सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.
आता मी पातेल्यात थंड ताक काढते,
तिचे हात मनगटापर्यंत त्यात ठेवते,
आणि आम्ही दादरच्या भावावर बोलतो,
तिच्या सुनेच्या मोबाइलवर बोलतो.
प्रभूचं नाव निघत नाही.
पूर्वी याची मला टोचणी लागायची.

परवा ती तशीच बसलेली, ताक ठिबकत,
आणि आतून हाक आली, चला.
मी उठणार तोच ती उठली,
ओले हात पाठीमागे धरून
खाटेशी जाऊन उकिडवी बसली:
"कथा जानं शे, बाबा?"

सव्वा वर्षात हे कुणी विचारलं नव्हतं.
आम्ही पाणी विचारलं, पेज विचारली,
लघवी विचारली.

मामा बघत राहिले. चला.
"तयोदा?"
मान हलली. चला.
"मंग चांदसैली?"
चला, चला.
हिचा बाप गाडीत मीठ घालून त्या वाटेने जायचा,
हिला सगळी गावं तोंडपाठ.
एकेक नाव ती ठेवत गेली
आणि म्हातारा त्यावरून चालत गेला,
धडगाव, मग खाली नदीकडे, बिलगाव.
बिलगावला थांबले. डोळे भरून वाहू लागले.
तिथे काय झालं होतं ते आमच्यात कुणालाच माहीत नाही.
सुपडाबाईला पुसता येईना,
बोटांत अजून आग होती.
तिने कोपराने पदर पुढे सरकवला,
मी तो धरला
आणि त्यांचा चेहरा पुसला.

कागद आज भरला.
भेट दिलेली घरे: एक.
खाली बारीक अक्षरात लिहिलं,
आमचंच. भेट शेजारणीने दिली.
पाळकबाई काय म्हणतील कोण जाणे.

पातेल्यातलं तिखट ताक
मी रोज मागच्या कढीपत्त्याला घालते.
मरेल, असं हन्नोक म्हणाला होता.
यंदा तो कुंपणाच्या वर गेलाय,
अर्ध्या फांद्या तिच्या अंगणात.
त्याला त्या कागदावर रकाना नाही.